स्तन काढणे, पुन्हा घडवणे की तसेच राहणे : एका स्तनरोग विभागाच्या सल्लासेवेचा अनुभव

गेली सव्वादोन वर्षे मी एका मोठ्या रुग्णालयाच्या स्तनरोग विभागात उपचार घेत आहे. या काळात माझा उजवा स्तन काढला गेला, केमोथेरपी आणि रेडिएशन झाले, जवळपास वर्षभर मी कृत्रिम स्तन वापरला आणि शेवटी पोटाच्या ऊतींपासून स्तनाची पुनर्रचना करून घेतली. तरीही हे परीक्षण मुख्यतः शस्त्रक्रियांचे नाही. या विभागात रुग्णाला निर्णय घेण्यासाठी जी सल्लासेवा दिली जाते, म्हणजे कर्करोगाच्या सर्जनची भेट, प्लास्टिक सर्जनची भेट, स्तनरोगाच्या परिचारिकेची बैठक आणि पूर्वी याच वाटेने गेलेल्या स्त्रीशी बोलण्याची सोय, त्या सेवेविषयी मला लिहायचे आहे. रुग्णालयाचे नाव मी देत नाही. येथे जे चांगले आढळले ते आणि ज्या उणिवा जाणवल्या त्या इतर विभागांतही असू शकतात, आणि हे वाचणाऱ्या स्त्रीने आपल्या समोरच्या विभागाकडे त्याच कसोट्या घेऊन पाहावे, एवढाच माझा हेतू आहे.

निदान झाले तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. बायोप्सीचा अहवाल हातात पडल्यावर पहिले तीन दिवस माझ्या मनात एकच वाक्य होते : काढून टाका, लवकर काढून टाका, दोन्ही काढून टाका. हे वाक्य कोठून आले होते हे मला ठाऊक होते. माझ्या आत्यावर जुन्या पद्धतीची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या त्या पद्धतीत स्तनाबरोबर त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या सर्व लसीका ग्रंथी काढल्या जात असत. आत्याच्या फासळ्या कातडीखाली मोजता येत आणि तिचा हात जन्मभर सुजलेला राहिला. लहानपणी पाहिलेले ते चित्र माझ्या मनात रोगाचे चित्र म्हणून बसले होते, आणि जितके जास्त काढू तितका जीव सुरक्षित, असा हिशोब त्यातूनच तयार झाला होता.

सर्जनबाईंच्या पहिल्या भेटीत या हिशोबाला उत्तर मिळाले, आणि म्हणून ती भेट मला या सेवेतील सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी मला बोलू दिले, आत्याविषयी विचारले आणि नंतर कागदावर दोन ओळी लिहिल्या. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली आणि इटलीतील मिलान येथे उम्बेर्तो वेरोनेसी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दोन चाचण्यांत, सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोग असलेल्या स्त्रियांच्या एका गटाचा स्तन काढला गेला आणि दुसऱ्या गटात स्तन राखून फक्त गाठ किंवा गाठ असलेला भाग काढून रेडिएशन दिले गेले. या स्त्रियांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्ही गटांतील स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. फिशर यांच्या चाचणीत गाठ काढून रेडिएशन न दिलेला तिसरा गटही होता; ज्यांचा स्तन राखला त्यांच्यापैकी रेडिएशन घेतलेल्या 14.3 टक्के स्त्रियांमध्ये त्याच स्तनात रोग परतला, तर रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण 39.2 टक्के होते. सर्जनबाईंनी हे सांगताना आकडे माझ्यावर फेकले नाहीत. त्यांनी त्यांचा अर्थ उलगडून सांगितला : स्तन काढल्याने तो स्तन आणि त्यात रोग परतण्याची शक्यता बरीचशी जाते, पण शरीरात इतरत्र गेलेल्या पेशींवर त्या शस्त्रक्रियेची सत्ता चालत नाही, आणि स्तन काढल्यावरही छातीच्या कातडीखाली थोड्या पेशी राहतात, म्हणून धोका शून्य होत नाही.

याच भेटीत त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी नंतर भेटलेल्या प्रत्येक स्त्रीला सांगत आले आहे. कर्करोगाचे निदान म्हणजे त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया असे नव्हे. झपाट्याने वाढणारे काही प्रकार वगळता, सर्व तपासण्या नीट करून विचारपूर्वक निर्णय घेण्यासाठी काही आठवडे गेले तर त्याने नुकसान होत नाही. अहवाल हातात घेऊन थरथरत बसलेल्या बाईला या एका वाक्याने किती श्वास मिळतो हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

माझ्या बाबतीत स्तन राखण्याचा पर्याय मात्र फार काळ टिकला नाही. एमआरआय तपासणीत त्याच स्तनाच्या दुसऱ्या भागात आणखी एक गाठ आणि दोहोंच्या मध्ये पसरलेले दुग्धनलिकांतील सुरुवातीच्या अवस्थेचे बदल दिसले. माझा स्तन लहान होता, आणि एवढे सगळे काढल्यावर राखण्यासारखे फारसे काही उरले नसते. विभागाच्या साप्ताहिक बैठकीत सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन यांनी एकत्र बसून माझे अहवाल पाहिले आणि स्तन काढण्याचा सल्ला दिला. बैठकीचा निर्णय मला लेखी पत्राने कळवला गेला, त्यात कारणे साध्या भाषेत दिली होती, आणि दुसरे मत घ्यायचे असल्यास सर्व अहवाल व नमुने देण्याची तयारी दाखवली होती. मी दुसरे मत घेतलेही. ते वेगळे आले नाही, पण ते घेता आल्यामुळे शस्त्रक्रियेच्या दिवशी मनात शंकेचा काटा नव्हता.

दुसऱ्या, निरोगी स्तनाविषयीचा प्रश्नही सर्जनबाईंनी टाळला नाही. मी तो काढण्याचा आग्रह धरला होता. बीआरसीए या जनुकांत दोष असलेल्या स्त्रियांसाठी दोन्ही स्तन काढण्याला खरा अर्थ असतो, कारण त्यांच्यात दुसऱ्या बाजूलाही कर्करोग होण्याचा धोका बराच जास्त असतो. माझी जनुकीय तपासणी निर्दोष आली. अशा स्त्रीमध्ये दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याचा धोका वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असतो, हार्मोनविरोधी गोळ्यांनी तो आणखी घटतो, आणि निरोगी स्तन काढल्याने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. नंतर त्या म्हणाल्या, "तुम्ही तरीही काढायचे ठरवलेत तर मी तुम्हाला अडवणार नाही, पण भीती शांत करण्यासाठी काढत असाल तर आधी ही भीती महिनाभर माझ्यासमोर घेऊन या." मी दोनदा घेऊन गेले. तिसऱ्या वेळी न्यावीशी वाटली नाही. माझा डावा स्तन आज माझ्याजवळ आहे, आणि त्याला स्पर्श कळतो, ही गोष्ट किती मोठी आहे हे मला त्या वेळी कळलेले नव्हते.

येथपर्यंतच्या सेवेला मी पूर्ण गुण देते. पुनर्रचनेच्या सल्ल्याकडे वळले की माझे मत मिश्र होते.

प्लास्टिक सर्जनच्या भेटीत माहितीची कमतरता नव्हती. त्यांनी सिलिकॉनचे इम्प्लांट माझ्या हातात दिले, कातडी ताणणारा एक्स्पांडर दाखवला, पोट, पाठ आणि मांडी यांपैकी कोठून ऊती घेता येतात हे आकृती काढून समजावले. इम्प्लांटची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते आणि शरीरावर दुसरी जखम होत नाही. बऱ्याचदा आधी एक्स्पांडर बसवून त्यात काही आठवडे थोडे थोडे सलाइन भरत जातात आणि कातडी पुरेशी ताणली गेली की दुसऱ्या शस्त्रक्रियेत कायमचे इम्प्लांट बसवतात. पोटाच्या ऊतींची शस्त्रक्रिया यापेक्षा फार मोठी असते. बेंबीखालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह काढून छातीवर आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या छातीच्या हाडाजवळच्या वाहिन्यांना केसाहून बारीक टाक्यांनी जोडायच्या, असे हे काम असते. जुन्या पद्धतीत पोटाचा स्नायूही उचलला जाई, नव्या पद्धतीत तो जागीच ठेवतात, त्यामुळे पोटाची ताकद बरीच टिकते.

इम्प्लांटविषयीचा त्यांचा प्रामाणिकपणाही मला आवडला. इम्प्लांट जन्मभरासाठी नसते, त्याभोवती शरीर जे आवरण तयार करते ते घट्ट होऊन स्तन कडक व वेदनादायक होऊ शकतो, आणि रेडिएशन झालेल्या छातीत असे होण्याची शक्यता वाढते, हे त्यांनी विचारण्याआधी सांगितले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, पुनर्रचनेसाठी इम्प्लांट बसवलेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना ते दहा वर्षांच्या आत काढावे लागले होते. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी संबंधित एका दुर्मीळ लिम्फोमामुळे, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगामुळे, 2019 मध्ये काही इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली. सिलिकॉनचे इम्प्लांट आतल्या आत फाटले तर बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून पहिली तपासणी पाच ते सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने करावी, अशी त्या प्रशासनाची शिफारस आहे. ही माहिती ऐकून घाबरण्याचे कारण नाही. इम्प्लांट घेऊन अनेक जणी समाधानाने राहतात. पण हे एकदा बसवून विसरून जाण्याचे काम नाही, हे शस्त्रक्रियेपूर्वी माहीत असणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आता उणिवांकडे येते. पहिली उणीव छायाचित्रांची. संगणकाच्या पडद्यावर मला जे परिणाम दाखवले गेले ते सगळे सुंदर होते : दोन्ही बाजू सारख्या, वण फिकट, स्तनाग्रे गोंदवून पूर्ण झालेली. तिसऱ्या आठवड्यातले चित्र एकही नव्हते. ज्या स्तनाचा काठ काळा पडला, जेथे जखम उघडली, जेथे दोन्ही बाजू सारख्या झाल्याच नाहीत, असे चित्रही नव्हते. अमेरिका आणि कॅनडातील अकरा केंद्रांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांचा दोन वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सुमारे एकतृतीयांश स्त्रियांना लहान-मोठी गुंतागुंत झाल्याचे आढळले. म्हणजे त्या पडद्यावरील दर तीन चित्रांमागे एक तरी अवघड कहाणी असायला हवी होती. मी तसे विचारल्यावर डॉक्टरांनी दुसरा संच उघडून दाखवला, आणि तो पाहून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढलाच. जो संच विचारल्यावर दाखवता येतो तो न विचारताही दाखवता येईल. विचारण्याचे बळ त्या दिवशी प्रत्येकीत असतेच असे नाही.

दुसरी उणीव मला अधिक खोल वाटते. स्पर्शाविषयी माझ्याशी कोणीही बोलले नाही. स्तन काढताना कातडीला संवेदना देणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे छातीचा बराचसा भाग बधिर होतो. पुनर्रचनेने आकार येतो, ऊब येते, पण पूर्वीची संवेदना येत नाही. काही जणींना काही वर्षांत थोडी परत येते, काहींना अजिबात येत नाही. स्तनाग्र राखणारी शस्त्रक्रिया झाली तरी ते दिसायला राहते, त्याची जाणीव सहसा राहत नाही. आकार, वण, वजन, समतोल या सगळ्यांविषयी तासभर बोलणे झाले, पण ते सगळे बोलणे बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेचे होते. त्या शरीरात राहणाऱ्या बाईला आतून काय वाटेल, हा प्रश्न त्या खोलीत आलाच नाही. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात गरम पाण्याच्या पिशवीने छातीवर पोळले आणि मला ते आरशात पाहिल्यावर कळले. हे टाळता आले असते. बधिर भागावर गरम पिशवी ठेवू नये, ही एका ओळीची सूचना माहितीपुस्तिकेत असायला हवी होती.

तिसरी गोष्ट सांगताना मला आजही राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही. पुनर्रचना न करण्याचा पर्याय त्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, दोन ओळींत होता. प्रत्यक्ष भेटीत तो इतक्या घाईने उल्लेखला गेला की तो पर्याय आहे असे माझ्या पतींच्या लक्षातही आले नाही. वास्तविक छाती सपाट ठेवणे हीदेखील एक रीतसर शस्त्रक्रिया आहे. जादा कातडी व चरबी काढून, काखेकडे घडी न ठेवता, छाती स्वच्छ व समतल करून देण्याला वैद्यकात आता स्वतंत्र नाव आहे आणि त्यासाठीही कौशल्य लागते. मी त्या वेळी "पुनर्रचना आत्ता नको, नंतर पाहू" असे सांगितले होते, तेव्हा पुढे उपयोगी पडेल या विचाराने काखेजवळ कातडीची घडी राखली गेली. त्याविषयी मला कोणी विचारले नाही. ती घडी ब्राच्या कडेला घासून दीड वर्ष लाल होत राहिली. पुढे पोटाची ऊती आणताना छातीवर नवी कातडी आलीच, म्हणजे माझ्या बाबतीत ती घडी राखण्याचे कारणही नव्हते. प्लास्टिक सर्जनच्या पहिल्या भेटीत माझ्याआधी माझ्या पतींना "तुमचे काय मत आहे?" असे विचारले गेले, याचीही नोंद मी येथे करते. माझे पती म्हणाले, "त्यांना विचारा." ते तसे म्हणाले म्हणून तो प्रसंग निभावला. प्रत्येक घरात तसे म्हणणारा माणूस असेल असे गृहीत धरून सेवा चालवता येत नाही.

या सगळ्या भेटींमधून जो निर्णय हाती आला तो मुळात स्तनरोगाच्या परिचारिकेमुळे आला, आणि या विभागाविषयी मला एकाच व्यक्तीचे आभार मानायला सांगितले तर मी तिचे मानेन. तिने आम्हाला एका शांत खोलीत बसवले, दार लावले, बोलणे ध्वनिमुद्रित करायला स्वतःहून परवानगी दिली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही हा एकच निर्णय समजता आहात म्हणून तो उचलत नाही. हे चार निर्णय आहेत, आणि त्यांतला आज फक्त एकच घ्यायचा आहे." स्तन काढायचा हे ठरले होते. पुनर्रचना करायची की नाही, केली तर कशाची, आणि केव्हा, हे तीन प्रश्न उघडे राहू शकत होते. माझ्या काखेतल्या ग्रंथींचा अहवाल शस्त्रक्रियेनंतरच कळणार होता आणि रेडिएशन लागेल की नाही हे त्यावर अवलंबून होते. रेडिएशन लागले तर इम्प्लांटचे गणित बदलणार होते. म्हणून थांबण्याला वैद्यकीय कारणही होते. त्याच शस्त्रक्रियेत पुनर्रचना करून घेण्याचे फायदे तिने दडवले नाहीत : स्तनाची मूळ कातडी राखता येते, आकार अधिक नैसर्गिक येतो, आणि सपाट छाती घेऊन जागे होण्याचा धक्का टळतो. ज्या स्त्रीला तो धक्का सोसवणार नाही असे वाटते, तिच्यासाठी हा फायदा फार मोठा आहे. मला मात्र त्या आठवड्यांत कशाचाच आकार निवडता येत नव्हता. मी थांबायचे ठरवले.

शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे झाली. काखेतल्या पहिल्या रांगेच्या तीन लसीका ग्रंथी तपासल्या, दोहोंत कर्करोगाच्या पेशी निघाल्या, आणि केमोथेरपीनंतर छातीवर रेडिएशन द्यायचे ठरले. दोन ड्रेन, म्हणजे जखमेतला द्रव बाहेर काढणाऱ्या नळ्या, घेऊन मी घरी आले. रोज किती मिलिलिटर द्रव जमा होतो ते वहीत लिहायचे आणि चोवीस तासांत तीसच्या खाली आले की नळी काढायची, एवढे सोपे ते काम होते, पण ते सांगणारा कागद, नळी बंद झाल्यास कोणाला फोन करायचा ती सूचना आणि भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट हे सगळे पहिल्याच दिवशी मिळाले. येथे तक्रारीला जागा नाही.

पहिले काही आठवडे जखमेवर ओझे नको म्हणून कापसासारखा हलका भराव वापरायचा असतो. जखम भरल्यावर मी सिलिकॉनचा कृत्रिम स्तन घेतला, जो खिसा असलेल्या ब्रामध्ये बसतो. विभागात माप घेऊन तो निवडण्याची सोय होती आणि माप घेणारी बाई स्वतः या अनुभवातून गेलेली होती. चांगल्या मापाचा कृत्रिम स्तन कपड्यांखाली ओळखू येत नाही आणि वजन दोन्ही बाजूंना सारखे राहते. पण उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो, वाकताना तो शरीरापासून सुटतो, आणि रोज रात्री तो काढून ठेवताना जे वाटते त्याला पुस्तिकेत शब्द नाहीत. काही जणींना तो काढून ठेवण्यात मोकळेपण वाटते. मला वाटले नाही, आणि हे मला वर्षभर वापरल्यावरच कळू शकले. म्हणून तो काळ वाया गेला असे मी मानत नाही.

रेडिएशन संपल्यानंतर दहा महिन्यांनी मी पुन्हा प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्या वेळची भेट पहिल्या भेटीहून फार वेगळी झाली, कारण मला काय हवे आहे ते मला माहीत होते आणि काय विचारायचे तेही. इम्प्लांट मी नाकारले, कारण रेडिएशन झालेल्या छातीत त्याचा धोका जास्त होता आणि पुढच्या तपासण्यांची साखळी मला नको होती. पोटाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला, कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने टॅमॉक्सिफेन हे माझे हार्मोनविरोधी औषध काही आठवडे थांबवले गेले, कारण त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया सात तास चालली. पहिल्या दोन रात्री परिचारिका दर तासाला येऊन नव्या स्तनाचा रंग व ऊब पाहत आणि लहान डॉपलरने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकत. अंधारात तो सळसळता आवाज ऐकू आला की मी पुन्हा झोपत असे. रक्तवाहिनी बंद पडली तर काही तासांतच पुन्हा शस्त्रक्रियेला न्यावे लागते, आणि क्वचित आणलेली ऊती वाचतही नाही, हे मला आधी सांगितलेले होते. म्हणूनच तो आवाज काय सांगतो आहे हे मला समजत होते.

पोटाची जखम छातीहून जास्त दुखली. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतचा वण आहे, तीन आठवडे मी वाकून चालत होते, आणि दोन महिने जड काही उचलले नाही. पोटाची ऊती एकदाच वापरता येते, हेही निर्णयापूर्वी लक्षात घ्यावे लागते. अतिशय सडपातळ स्त्रीला, धूम्रपान करणारीला किंवा पूर्वी पोटाची जादा कातडी व चरबी शस्त्रक्रियेने काढून घेतलेलीला हा मार्ग बहुधा मिळत नाही. त्याच अकरा केंद्रांच्या अभ्यासात, स्वतःच्या ऊतींनी पुनर्रचना केलेल्या स्त्रिया दोन वर्षांनंतर आपल्या स्तनांविषयी इम्प्लांटवाल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळल्या, पण त्यासाठी सुरुवातीला मोजावे लागणारे शारीरिक मोल मोठे असते, आणि ते मोजण्याची ताकद आपल्यात आत्ता आहे का हे फक्त त्या स्त्रीलाच ठरवता येते.

आज माझा उजवा स्तन डाव्याहून थोडा वर आणि थोडा भरीव आहे. त्यावर स्तनाग्र नाही आणि ते करून घेण्याची मला गरज वाटत नाही. तो उबदार आहे, कूस बदलताना माझ्याबरोबर वळतो, आणि बोट ठेवले तर दूरवरून कोणी हाक मारावी तसे काहीतरी कडेला जाणवते. काखेची घडीही त्याच शस्त्रक्रियेत गेली. पुनर्रचना केल्याचा मला आनंद आहे, आणि ती थांबून केल्याचा त्याहून जास्त आहे. याच विभागात माझ्याबरोबर उपचार घेणारी एक मैत्रीण सपाट छाती घेऊन अगदी स्वस्थ आहे, आणि दुसरीने पहिल्याच दिवशी इम्प्लांट बसवून घेतले व तिला त्याचा पश्चात्ताप नाही.

ज्या स्त्रीला रोगाविषयी स्पष्ट, अद्ययावत आणि धीर देणारा सल्ला हवा आहे तिने या प्रकारच्या एकत्रित विभागात जरूर जावे. एकट्या सर्जनपेक्षा एकत्र बसून विचार करणारा गट मला कितीतरी भरवशाचा वाटला. जिला सपाट राहायचे आहे, किंवा अजून ठरवता येत नाही, तिने मात्र सोबत कोणाला तरी घेऊन जावे आणि चार प्रश्न स्वतःहून विचारावे : मी काहीच केले नाही तर छाती कशी दिसेल, मला कोठे आणि किती जाणीव राहील, रेडिएशन लागले तर आजच्या निवडीचे काय होईल, आणि चांगली न झालेली चित्रे मला दाखवाल का. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना डॉक्टर गडबडले तर ती शस्त्रक्रिया दुसऱ्या कोणाकडे चांगली होते का, हे शोधायला अजून वेळ असतो.

माझा लेखी अभिप्राय मी विभागाला दिला, तेव्हा तो फाइलमध्ये पडून राहील असे वाटले होते. दोन महिन्यांनी परिचारिकेचा फोन आला. पुस्तिकेत सपाट छातीच्या पर्यायाला स्वतंत्र पान देण्याचे आणि बधिरपणाविषयी सूचना घालण्याचे काम सुरू झाले होते, आणि छायाचित्रांचा नवा संच तयार करायचा होता. माझी चित्रे वापरली तर चालतील का, असे तिने विचारले. चेहरा न दाखवता ती वापरण्याच्या संमतीपत्रावर मी सही केली, आणि त्यात काखेची घडी दिसणारे जुने चित्र, पोटाचा ताजा वण आणि तिसऱ्या आठवड्यातले ते निळसर, सुजलेले रूप ही तीनही असावीत, असे त्या पत्राखाली माझ्या हाताने लिहून दिले.